डब्यावर नाव आजीचं, स्टील कोणाचं?

तुमच्या घरातलं एखादं जुनं स्टीलचं भांडं घ्या आणि त्याच्या कडेवर बघा. बारीक ठिपक्यांनी कोरलेलं एखादं नाव हमखास सापडेल. आजीचं, आत्याचं, नाहीतर ज्यांच्या वास्तुशांतीला तुम्ही कधीच गेला नव्हतात अशा कोणाचं तरी. मी मेसचा डबा ज्यात आणते त्यावर माझ्या आजीचं नाव आहे. झाकण थोडं वाकलंय, एका बाजूला पोचा आलाय, पण गंज? नावालाही नाही. गेली कित्येक वर्षं त्यात आमटी, लोणचं, ताक सगळं जाऊन आलंय.

आजीला या डब्याचं कौतुक आपल्यापेक्षा जास्त आहे, कारण तिने त्याआधीचा काळ बघितलाय. पितळेच्या भांड्यांची कल्हई उडाली की त्यात ताक ठेवायची सोय नसायची. ठेवलं की कळकलंच. मग गल्लीत कल्हईवाला आला की घरोघरच्या बायका भांडी घेऊन धावायच्या. भाता, कथील, नवसागराचा तो धूर, आणि काळ्या भांड्याच्या आत एकदम चांदीसारखी चमक. आजी हे इतकं रंगवून सांगते की आपल्यालाही ती मजा हुकल्यासारखं वाटतं. पण लगेच म्हणते, बरं झालं बाई स्टील आलं.

तर हे स्टील आलं कुठून, ते आज सांगायचंय. आणि ते आणणाऱ्या माणसाचं नाव आपल्या एकाही डब्यावर का नाही, तेही. त्याचं नाव हॅरी ब्रिअर्ली.

आधी एक कबुली. मी मास कॉमची विद्यार्थिनी. बारावीत रसायनशास्त्राने मला जे छळलं ते मी अजून विसरलेले नाही. पण माझा एक मित्र मटेरियल्स सायन्स शिकतो, आणि प्रत्येक लग्नाकार्यात त्याला कोणी ना कोणी विचारतंच, म्हणजे नक्की काय शिकतोस रे? त्याचं ठरलेलं उत्तर आहे. पीठ एकच असतं ना काकू, त्याची पोळी होते, पुरी होते आणि शंकरपाळीही होते. आत काय घातलं, ते कसं मळलं, किती तापवलं, यावर शेवटी हातात काय येतं ते ठरतं. तेच धातूंचं, तेच प्लॅस्टिकचं, तेच काचेचं. पदार्थाच्या पोटात अणूंची, कणांची मांडणी कशी आहे, ती कशी घडवली आणि त्यामुळे तो वागतो कसा, या तिन्हींचं नातं शोधायचं म्हणजे मटेरियल्स सायन्स. काकूंचं समाधान होतं. माझंही झालं. ब्रिअर्लीच्या आयुष्यात हे नातं इतकं स्वच्छ दिसतं की ते वाचल्यावर मला पहिल्यांदा वाटलं, अरे, हे कोणी बारावीत सांगितलं असतं तर!

१८७१ साली इंग्लंडमधल्या शेफिल्डला हॅरीचा जन्म झाला. शेफिल्ड म्हणजे सुऱ्या-कात्र्यांचं गाव. शेकडो वर्षांपासून तिथे पातीच घडवली जायची आणि अख्ख्या शहरावर धुराचं छप्पर असायचं. हॅरीचं घर एका अंधाऱ्या, दाटीवाटीच्या आवारात. भावंडं भरपूर, पैसा बेताचाच. वडील जॉन पोलाद वितळवण्याच्या कामावर होते.

हे काम काय होतं ते जरा डोळ्यांसमोर आणा. तेव्हा चांगलं पोलाद मातीच्या मुशीत वितळवत. त्या मुशी बनवायची माती कामगार अनवाणी पायांनी तासन् तास तुडवायचे, कारण मातीतला बारीकसा खडा पायाला जसा कळतो तसा दुसऱ्या कशालाच कळत नाही. खडा राहिला तर भट्टीत मूस फुटणार आणि सगळं पोलाद वाया जाणार. जमिनीखाली कोकची भट्टी. तीन-चार तासांनी आतलं पोलाद तयार झालं की एक गडी पायांना ओली पोती गुंडाळून थेट भट्टीच्या तोंडावर उभा राहायचा आणि सांडशीने ती पांढरीशुभ्र तापलेली मूस उपसून वर काढायचा. पोती वाळून धुमसायला लागायच्या आत काम संपवायचं. आणि पोलाद नेमकं कधी तयार झालं हे कोण ठरवणार? थर्मामीटर नव्हता. मुरलेल्या कामगाराची नजर, तेवढंच यंत्र.

लहानगा हॅरी हे बघत वाढला. बाराव्या वर्षाच्या आसपास त्याची शाळा सुटली. भट्टीखालच्या तळघरात पडेल ते काम करणारा पोऱ्या म्हणून त्याने थोडे दिवस काढले आणि मग वडिलांच्याच कारखान्यात, म्हणजे थॉमस फर्थ अँड सन्स कंपनीत, रासायनिक प्रयोगशाळेत त्याला काम मिळालं. काम काय? बाटल्या धुणे.

आपण इंटर्नशिपला गेल्यावर पहिले पंधरा दिवस झेरॉक्स काढायला लावले तर ग्रुपवर केवढा आरडाओरडा करतो! हॅरीने वर्षानुवर्षं काचेची भांडी धुतली. पण तिथे जेम्स टेलर नावाचा रसायनतज्ज्ञ होता आणि त्याने या पोराला नुसतं राबवलं नाही. त्याला गणिताची गोडी लावली, हातांनी वस्तू बनवायला शिकवलं. हॅरी दिवसा बाटल्या धुवायचा, संध्याकाळी वर्गांना जायचा, रात्री पुस्तकं वाचायचा. कॉलेजची पदवी त्याच्याकडे कधीच नव्हती. तरी हळूहळू तो पोलादाचं रासायनिक पृथक्करण करण्यात इतका तरबेज झाला की त्यावर लेख लिहू लागला, नंतर सहलेखकाबरोबर पुस्तक लिहिलं. १८९५ साली त्याने हेलन क्रँकशी लग्न केलं. संसार काटकसरीचाच होता.

इथे मला तो माणूस आवडायला लागतो, कारण लॅबमध्ये बढती मिळत गेली तरी तो भट्टीवरच्या लोकांना विसरला नाही. उलट त्याचं मत असं होत गेलं की लॅबमधली माणसं आकड्यांवर फार विसंबतात. पोलादाचा ठोकळा फोडून त्याच्या तुटलेल्या तोंडावरचे कण नुसत्या नजरेने बघून, हे कशासाठी चालेल आणि कशासाठी नाही, हे सांगणारे निरक्षर कामगार त्याने बघितले होते. तो स्वतः ते वाचायला शिकला. विचार केलात तर ही सूक्ष्मदर्शकाविना केलेली सूक्ष्मरचनेची परीक्षाच. आकडे सांगतात पोलादात काय आहे. तुटलेलं तोंड सांगतं ते कसं बसलंय. दोन नमुन्यांत कार्बन अगदी सारखा असेल, तरी एक चिवट निघतो आणि दुसरा ठिसूळ. हे आपल्याकडच्या लोहारालाही माहीत असतं. कोयता घडवून झाल्यावर तो त्याला पाणी देतो, म्हणजे लालबुंद तापवून एकदम पाण्यात बुडवतो. लोखंड तेच, पण पाणी चुकलं तर कोयता एकतर वाकतो नाहीतर टवका उडतो.

पाणी देण्यात तापमान महत्त्वाचं, आणि भट्टीवरच्या साध्या माणसाला ते कळायचं कसं, हा प्रश्न ब्रिअर्लीच्या डोक्यात कायम असायचा. त्याने एका मित्राबरोबर क्षारांच्या मिश्रणाच्या कांड्या तयार केल्या. प्रत्येक कांडी एका ठरावीक तापमानाला वितळायची. कांडी वितळली, की भट्टी तापली. बस. महागडं यंत्र नको, इंग्रजी वाचता यायला नको.

१९०४ मध्ये फर्थ कंपनीने त्याला रशियन साम्राज्यातल्या रीगा शहरात आपल्या नव्या कारखान्यावर पाठवलं. आज हे शहर लॅटव्हियाची राजधानी आहे. परका देश, भाषा येत नाही, आणि १९०५ च्या क्रांतीची धामधूम. तिथे तो आधी रसायनतज्ज्ञ होता, मग कारखान्याचा तांत्रिक कारभारच त्याच्याकडे आला. तिथल्या दिवसांवर एक वेगळं पान होईल, पण आपल्याला शेफिल्डला परतायचंय. तोही परतला. फर्थ आणि जॉन ब्राऊन या दोन कंपन्यांनी मिळून संशोधन प्रयोगशाळा काढली आणि १९०८ मध्ये तिचा प्रमुख कोण झाला? पूर्वी बाटल्या धुणारा पोऱ्या.

आता येतो मुद्दा. १९१२ साली त्याच्याकडे एक काम आलं. रायफलींच्या नळ्या आतून झिजतात, यावर काही करता येईल का? गोळी सुटते तेव्हा तप्त वायू नळीच्या आतली कातडी अक्षरशः खरवडून काढतात. नळी सैल झाली की नेम गेला. गंजण्याचा इथे संबंध नव्हता हे लक्षात ठेवा. ब्रिअर्लीला हवं होतं उष्णतेने न झिजणारं पोलाद. क्रोमियम घातलेलं पोलाद उष्णतेला जास्त दाद देत नाही हे त्याला माहीत होतं, म्हणून त्याने क्रोमियमचं प्रमाण खूप वाढवून, कार्बन कमी ठेवून बघायचं ठरवलं. मुशीतले पहिले प्रयत्न फसले. मग विजेच्या भट्टीत, ऑगस्ट १९१३ मध्ये, हवं तसं पोलाद उतरलं. क्रोमियम १२.८ टक्के, कार्बन ०.२४ टक्के.

बंदुकीच्या नळीसाठी त्याचा काही उपयोग झाला नाही.

गोष्ट इथे संपू शकली असती. आणि यावर एक प्रसिद्ध दंतकथाही आहे, की ब्रिअर्लीने तो निरुपयोगी तुकडा भंगारात टाकला आणि काही महिन्यांनी गंजलेल्या ढिगात एकच तुकडा चमकताना दिसला. सिनेमात हा सीन झकास दिसेल. पण खरं घडलं ते लॅबच्या टेबलावर, आणि मला तरी तेच जास्त भारी वाटतं.

पोलादाची आतली रचना बघायची तर नमुना आरशासारखा घासावा लागतो आणि मग त्यावर पातळ नायट्रिक आम्ल लावावं लागतं. आम्ल काही भाग जास्त खातं, काही कमी, आणि त्या उंचसखलपणामुळे सूक्ष्मदर्शकाखाली कणांच्या सीमा दिसू लागतात. ही पद्धतही शेफिल्डचीच बरं का. हेन्री सॉर्बी नावाच्या तिथल्याच माणसाने १८६०च्या दशकात पोलाद असं पहिल्यांदा बघितलं होतं. तर ब्रिअर्लीने नव्या पोलादाला नेहमीसारखं आम्ल लावलं, आणि काहीच होईना. काही नमुने अगदी सावकाश खाल्ले जायचे, काही जणू ढिम्म.

तुमच्या प्रॅक्टिकलला असं झालं असतं तर तुम्ही काय केलं असतं? मी तर आम्लाची बाटली जुनी आहे म्हणून शेजारच्या टेबलावरचं रीडिंग उतरवून घेतलं असतं. ब्रिअर्ली थांबला. आम्ल ज्याला खात नाही, त्याला आणखी काय खाणार नाही? तो शेफिल्डचा होता, म्हणजे त्याच्या डोक्यात सुऱ्याच येणार. त्याने व्हिनेगर लावून बघितलं. लिंबाचा रस लावून बघितला. डाग नाही.

त्या काळी जेवणाच्या टेबलावरची सुरी म्हणजे एक कटकट होती. लिंबू, फळं, व्हिनेगर लागलं की पातं काळं पडायचं, ओलं राहिलं की तांबेरायचं. दर जेवणानंतर घासून, पुसून, कोरडं करून ठेवायचं. मोठ्या घरांत तेवढ्याच कामाला पोरं ठेवलेली असायची. थोडक्यात, त्यांची कळकण्याची भानगड आपल्यापेक्षा वेगळी नव्हती. ज्यांच्याकडे जुनी लोखंडी विळी आहे त्यांनी तिच्यावर लिंबू चिरून तसंच ठेवून बघावं. सकाळी कळेल.

मग नव्या पोलादात वेगळं काय होतं? लोखंड गंजतं तेव्हा त्यावर जो तांबूस थर येतो तो भुसभुशीत असतो. पापुद्रे सुटतात, खालचं लोखंड उघडं पडतं, तेही गंजतं. क्रोमियमचा स्वभाव उलटा. हवेतल्या ऑक्सिजनशी त्याची गट्टी होते आणि पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचं एक कवच तयार होतं. ते इतकं पातळ, काही नॅनोमीटरचं, की डोळ्यांना दिसतच नाही. आपल्याला दिसते ती खालची चमक. पण ते घट्ट चिकटून असतं आणि ओरखडा पडला तरी हवा लागताच पुन्हा स्वतःच भरून निघतं. साधारण साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम असलं की हे कवच टिकतं. कल्हईच म्हणा ना, फक्त ती भांड्याच्या पोटातूनच येते आणि कल्हईवाल्याची वाट बघावी लागत नाही.

ब्रिअर्लीने आणखी एक गोष्ट टिपली. एकाच ओतीवातले सगळे नमुने आम्लाला सारखे दाद देत नव्हते. तापवून एकदम गार केलेले, म्हणजे पाणी दिलेले, नमुने सर्वांत टिकाऊ होते. हळूहळू गार होऊ दिलेले कमी. कारण असं, की हळू गार होताना कार्बन क्रोमियमला पकडून त्याचे कण बनवतो. मग क्रोमियम आहे, पण कवच बनवायला मोकळं नाही. एकदम गार केलं की ते सगळीकडे विरघळलेलंच राहतं. पृथक्करणाच्या कागदावर दोघांचे आकडे अगदी सारखे. वागणूक मात्र वेगळी. पोळी आणि शंकरपाळी!

ब्रिअर्लीने मालकांना लिहून कळवलं, हे सुऱ्यांसाठी वापरूया. मालकांनी लक्ष दिलं नाही. तोफा-बंदुकांचा धंदा करणाऱ्या कंपनीला जेवणाच्या सुऱ्यांत काय रस असणार? त्याने शेफिल्डच्या दोन सुरीवाल्यांकडे नमुने पाठवले. उत्तर आलं, हे पोलाद घडवता येत नाही, घासता येत नाही, धार लागत नाही. शहरात थट्टा सुरू झाली, की ब्रिअर्लीने न कापणाऱ्या सुऱ्यांचा शोध लावलाय.

कारागिरांची पूर्ण चूक होती असं नाही म्हणता येणार. त्यांचे हात पिढ्यान् पिढ्या साध्या पोलादाला सरावलेले होते. ते जेवढ्या लाल रंगावर पाणी द्यायचे, तेवढं तापमान या नव्या पोलादाला पुरतच नव्हतं. त्याला कितीतरी जास्त, हजार अंशांच्या आसपास तापवावं लागतं, तेव्हा कुठे कार्बन आणि क्रोमियम नीट विरघळतात. कमी तापवलं की पातं मऊ राहणार. मऊ राहिलं की धार नाही, आणि वर डागही पडणार. ज्या नजरेवर ब्रिअर्लीचा आयुष्यभर विश्वास होता, तीच नजर इथे दगा देत होती. मला ही या गोष्टीतली सगळ्यात अवघड जागा वाटते. त्याने नजरेचा नाद सोडला नाही, पण तिला नवा रंग शिकवायला तो स्वतः कारखान्यात जाऊन उभा राहिला.

संधी दिली अर्नेस्ट स्टुअर्टने. आर. एफ. मोझली या सुऱ्यांच्या कारखान्यात तो व्यवस्थापक होता. त्यालाही आधी पटलं नव्हतं. पण त्याने एक तुकडा व्हिनेगरमध्ये टाकून बघितला आणि डाग पडला नाही. ब्रिअर्ली या पोलादाला रस्टलेस म्हणायचा, म्हणजे न गंजणारं. स्टुअर्टने नाव दिलं स्टेनलेस, डाग न पडणारं. ग्राहकाला काय खुपतं ते त्याला बरोबर कळलं होतं. आमच्या जाहिरातीच्या वर्गात हे उदाहरण का नाही, कळत नाही. सुरुवातीच्या सुऱ्या फसल्या, हत्यारं खराब झाली, मग तापमान जुळलं आणि सुऱ्या जमल्या. ब्रिअर्लीने काही सुऱ्या ओळखीच्यांना वाटल्या आणि अट घातली, कुठल्याही खाण्याच्या पदार्थाने डाग पडला किंवा गंज चढला तर परत आणून द्या. एकही सुरी परत आली नाही.

आता तुम्हाला वाटेल, सुखान्त. नाही ना!

सुऱ्या चालणार हे दिसताच कंपनी जागी झाली. ब्रिअर्लीचं म्हणणं, माझ्या करारानुसार माझ्या शोधात माझाही वाटा आहे. कंपनीचं म्हणणं, शोध आमच्या लॅबमध्ये लागला, तो आमचा. शिवाय सगळीकडे नाव कंपनीचं. पैशापेक्षा ते त्याला जास्त लागलं असावं असं मला त्याच्याबद्दल वाचताना वाटत राहिलं. माझंही एकदा, एका ठिकाणी, रात्र जागून केलेलं काम दुसऱ्याच नावाने छापून आलं होतं. दोन कॉलमचा मजकूर, त्यात एवढं काय, असं सगळे म्हणाले. पण मी तो अंक घरी दाखवला नाही. त्यामुळे डिसेंबर १९१४ च्या शेवटी, महायुद्ध सुरू असताना, ब्रिअर्लीने ज्या कंपनीत पोऱ्या म्हणून पाऊल ठेवलं होतं तिचा राजीनामा दिला, हे मला वेडेपणाचं वाटत नाही. दुसऱ्या एका शेफिल्डच्याच पोलाद कंपनीत, ब्राऊन बेलीमध्ये, तो व्यवस्थापक म्हणून गेला आणि पुढे संचालक झाला.

ब्रिटनमध्ये पेटंट घेतलं गेलं नव्हतं. जॉन मॅडॉक्स नावाचा एक वयस्कर गृहस्थ त्याच्या मागे लागला, की निदान अमेरिकेत तरी अर्ज कर. ते पेटंट १९१६ मध्ये मिळालं. पेटंट हातात आल्यावर फर्थ कंपनीला बोलणी करावीच लागली आणि १९१७ मध्ये दोघांच्या नावाने संयुक्त संस्था उभी राहिली. फर्थ आणि ब्रिअर्ली, दोन्ही नावं सुरीच्या पात्यावर उमटू लागली. युद्ध चालू होतं तोवर मात्र हे पोलाद सुऱ्यांना मिळत नव्हतं, सगळं विमानांच्या इंजिनांच्या झडपांकडे जात होतं. म्हणजे नळीसाठी नाकारलेलं पोलाद शेवटी युद्धावर गेलंच. १९२० साली त्याला पोलादक्षेत्रातलं मानाचं बेसेमर सुवर्णपदक मिळालं.

प्रामाणिकपणे एक सांगायला हवं, नाहीतर तुमच्यातलाच कोणी मेटलर्जीवाला मला ईमेल पाठवेल. स्टेनलेस स्टीलचा एकमेव बाप ब्रिअर्ली, असं म्हणता येत नाही. क्रोमियममुळे पोलाद आम्लाला दाद देत नाही हे फ्रान्समध्ये पिएर बर्तिए याने १८२१ मध्येच टिपलं होतं. जर्मनीत क्रुप कंपनीच्या श्ट्राउस आणि माउरर यांनी क्रोमियमबरोबर निकेल घातलेल्या पोलादाचं पेटंट १९१२ मध्येच मागितलं होतं. अमेरिकेत एल्वुड हेन्स याच वाटेवर होता आणि त्याचा ब्रिअर्लीच्या पेटंटशी वादही झाला. मग ब्रिअर्लीचं काय? माझ्या मते त्याचं हे, की बाकीच्यांना एक पदार्थ दिसला आणि त्याला त्या पदार्थातली सुरी दिसली. आणि ती सुरी खरंच कापेपर्यंत त्याने पिच्छा सोडला नाही.

गंमत म्हणजे आपला डबा बहुतेक वेळा ब्रिअर्लीच्या पोलादाचा नसतोच. १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल हे प्रसिद्ध मिश्रण १९२०च्या दशकात शेफिल्डला बसवलं विल्यम हॅटफिल्डने. हा कोण? फर्थच्या लॅबमध्ये ब्रिअर्लीने सोडलेल्या खुर्चीवर बसलेला माणूस. निकेलमुळे लोखंडाच्या अणूंची रचनाच वेगळी बसते, धातू छान ताणला जातो, म्हणून त्याचे पातेली-डबे दाबून काढता येतात. पण ते पाणी देऊन कडक होत नाही, म्हणून त्याची सुरी चांगली होत नाही. सुरीला अजूनही ब्रिअर्लीच्या घराण्यातलंच पोलाद लागतं.

पुढची वर्षं त्याने लिहिण्यात घालवली. पोलादावरची तांत्रिक पुस्तकं तर होतीच, पोलाद बनवणाऱ्या माणसांवरही लिहिलं. १९४१ मध्ये आत्मचरित्र आलं. त्याच वर्षी त्याने फ्रेशगेट नावाचा न्यास स्थापन केला आणि पैसे त्यात घातले. शेफिल्डच्या साध्या घरांतल्या लोकांना शिकायला, फिरायला, जग बघायला मदत व्हावी म्हणून. न्यासाला स्वतःचं नाव दिलं नाही. श्रेयासाठी नोकरी सोडणारा माणूस, आणि इथे नाव नको! मी या विसंगतीचा उलगडा करायचा खूप प्रयत्न केला, जमला नाही.

१९४८ साली इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, टॉर्की इथे तो वारला. स्टेनलेस स्टीलला शंभर वर्षं झाली तेव्हा, २०१३ मध्ये, शेफिल्डच्या भर वस्तीत एका अख्ख्या भिंतीवर त्याचं चित्र रंगवलं गेलं.

आज रात्री घरी गेलात की फ्रीजवरचं चुंबक काढा. आधी ते स्वयंपाकघरातल्या सुरीला लावा, मग डब्याला. सुरीला चिकटेल. डब्याला बहुतेक चिकटणार नाही, फार तर जिथे पत्रा जास्त ताणलाय त्या कोपऱ्यात जरासं ओढल्यासारखं वाटेल. मी आजीसमोर हे करून दाखवलं. तिने चुंबक माझ्या हातातून घेतलं, मांडणीवरच्या एकेका भांड्याला लावून बघितलं, आणि चिकटलेली दोन पातेली बाजूला काढून ठेवत म्हणाली, तरीच ही दोन काळी पडतात.